जिताड्याचं डोकं

आमच्या सासुरवाडीत जावयाची किंमत जिताड्याच्या डोक्यावरून ठरते. जिताडा हा खाडीतला मासा. तो घरात आला की सासूबाई त्याचं कालवण करतात आणि डोकं थोरल्या जावयाच्या ताटात वाढतात. थोरला जावई मी. लग्न झाल्यापासून ते डोकं माझं होतं आणि मी त्यावर कधी हक्क सांगितला नाही, कारण सूर्य पूर्वेला उगवतो हेही कुणी रोज सांगत बसत नाही.

मग माझ्या साडूला मधुमेह झाला.

(मधुमेह मलाही होता. त्याच्या कितीतरी आधीपासूनचा, चांगला मुरलेला! पण माझ्या मधुमेहाचं सासुरवाडीत कुणी कधी कौतुक केलं नव्हतं.)

साडूचं नाव रमाकांत. वडपे गावातल्या एका गोदामात सुपरवायझर. डॉक्टरकडून आल्या आल्या त्यानं भात सोडला, भाकरी सोडली, आणि पहाटे उठून पळायला लागला. आगरी माणसानं भात सोडला हे ऐकून सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. पण बघता बघता रमाकांतचं पोट गेलं, मान दिसायला लागली आणि एक दिवस तो मुंबईला जाऊन अर्धी मॅरेथॉन पळून गळ्यात मेडल घालून आला. सासऱ्यांनी, म्हणजे तात्यांनी, ते मेडल भिंतीवर लावलं. जागा करायला म्हणून माझ्या लग्नाचा फोटो उतरवला, तो कॅलेंडरच्या मागे गेला.

फोटो गेला, मी गिळलं. पण पुढच्या खेपेला जिताडा आला तेव्हा मी ताटात डोक्यापुरती जागा करून बसलो होतो आणि ते डोकं माझ्या नाकासमोरून वाफाळत रमाकांतच्या ताटात गेलं!

"आई, चुकलं वाटतं," मी हसत म्हणालो. (हसत म्हणायला काय कष्ट पडले ते माझं मला ठाऊक.)

"न्हाय ओ जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "तो बिचारा भात खात न्हाय, भाकरी खात न्हाय. म्हावरं तरी पोटभर खाऊ दे. तुमाला काय, भात हाय की!"

आणि माझ्या ताटात भाताचा एक जादा ढीग पडला. शेजारी रमाकांत डोक्यातला मऊ भाग बोटानं काढून चोखत होता. मला इतका जळफळाट झाला की कालवण तिखट आहे की आळणी तेसुद्धा कळलं नाही.

"मीपण भात सोडला!" मी जाहीर केलं.

टेमघरला घरी परतल्यावर रात्री मी बायकोला ऐटीत सांगितलं, "आजपासून भात बंद. फक्त भाकरी वाढ."

मंदा माझ्याकडे बघत राहिली. "भाकरी कसली हाय आपल्याकडं?"

"तांदळाची."

"आणि भात?"

पिढ्यान्‌पिढ्या तांदळाच्या भाकऱ्या खाल्लेल्या माणसाला हे पटकन सुचत नाही हो! त्या दिवसापासून मी अंडी, भाजी आणि म्हावऱ्यावर आलो. पहाटे पळायलाही लागलो. माझ्या यंत्रमागांच्या, म्हणजे लूमच्या, शेडवरून पहिल्यांदा पळत गेलो तेव्हा रातपाळी संपवून चहा पीत बसलेले आमचे कारागीर असलमभाई ग्लास टाकून उठले.

"सेठ! क्या हुआ? शेड में आग लगी क्या?"

"नहीं, कसरत है!" मी धापा टाकत ओरडलो.

"तो फिर चेहरा ऐसा क्यों है?"

चेहरा असा होता, कारण पळताना मला सारखं रमाकांतच्या ताटातलं ते डोकं दिसायचं.

माझी तयारी तात्यांच्या कानावर गेली. तात्यांना जन्मभर बैलांच्या शर्यतीचा नाद. त्यांनी दोघांना ओट्यावर उभं केलं. "आयतवारी जिताडा येतोय. दोगं पला. इथून शेलारला जावा नि मागं या. या ओट्यावर जो पयला पाय ठेवंल, डोकं त्याच्या ताटात. माजा शबूद!"

रविवारी सकाळी सगळी आळी ओट्यासमोर जमली. रमाकांतच्या कमरेच्या पिशवीत उकडलेली अंडी, शेंगदाणे आणि एक छोटी पुडी. वाटेत ताकद यायला तो हेच खातो, हे मला माहीत होतं. पण त्याची नक्कल मी का करू? मी मंदाकडून सुके बोंबील भाजून घेतले होते, खमंग. प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून पँटच्या मागच्या खिशात कोंबले. ना भात, ना भाकरी, ना साखर! आपल्या माणसाचा खुराक!

मी पळायला लागलो आणि तात्यांचा कुत्रा टायगर माझ्यामागून निघाला. मला वाटलं, घरात एकाला तरी माझी किंमत आहे. हायवेजवळ त्याला आणखी दोन कुत्रे मिळाले. पुढे गोदामांच्या रांगेतून पाच-सहा आले. मी वेग वाढवला, त्यांनीही वाढवला. एका ढाब्यावरून कुणीतरी ओरडलं, "अरे, फेक दे जो चुराया है!" पण बोंबील टाकणार कोण? कुत्र्यांच्या भीतीनं मी असा सुटलो की शेलारच्या आधीच रमाकांतला मागे टाकलं!

"दादा, सावकाश!" तो ओरडला.

जळला मेला, असं म्हणून मी आणखी जोरात पळालो.

परतीच्या वाटेवर मात्र गंमत झाली. बाकीचे कुत्रे आपापल्या हद्दीत थांबले आणि माझे पायही थांबायला लागले. रमाकांत शांतपणे शेंगदाणे चावत पुढे निघून गेला. मला दरदरून घाम फुटला. हात थरथरायला लागले. त्याचं असं झालं होतं की, खाणं बदलल्यावर डॉक्टरांनी रमाकांतच्या गोळ्या कमी केल्या होत्या. मला हे कळलं नव्हतं, कारण मी सगळा वेळ फक्त त्याच्या ताटात डोकावत होतो. मी सकाळी माझी मधुमेहाची गोळी नेहमीसारखी पूर्ण घेतली होती आणि वर फक्त एक अंडं.

आळीच्या तोंडाशी आलो. ओटा दिसत होता, ओट्यावर उभे तात्या दिसत होते. दोन-दोन तात्या! मी एका मैलाच्या दगडाजवळ बसलो आणि हात जोडून त्याला म्हणालो, "आई, डोकं मलाच वाढा."

हे साऱ्या आळीनं ऐकलं.

रमाकांत ओट्यापासून चार पावलांवर होता. नुसता पाय ठेवायचा होता. त्यानं मागे वळून पाहिलं आणि माघारी पळत माझ्याकडे आला.

"दादा, साखर उतरली तुमची! तोंड उघडा!" त्यानं ती छोटी पुडी फोडली. ग्लुकोज होतं.

"मी साखर सोडलीय!" मी दात घट्ट आवळून म्हणालो.

"डोकं तुमीच घ्या, पण तोंड उघडा!"

ते ऐकताच तोंड आपोआप उघडलं. थोड्या वेळानं दोन तात्यांचा एक तात्या झाला. समोर रमाकांत घामाघूम होऊन माझा हात धरून बसला होता. जिंकायचं सोडून आला होता हा माणूस. पळण्यात तर पुढे होताच, आता माणूस म्हणूनही पुढे गेला!

तेवढ्यात मागच्या खिशाला हिसका बसला. टायगर! शेलारपासून दम धरून होता बिचारा. बोंबलांची पिशवी तोंडात धरून तो जो सुटला, तो थेट घरी. एका उडीत ओट्यावर.

मग तात्या घसा खाकरून म्हणाले, "शबूद म्हंजे शबूद."

आम्ही दोघे साडू खूप हसलो. (मी थोडं कमी.) आम्हाला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. पण दुपारी सासूबाईंनी खरोखर एक जर्मनची ताटली ओट्यावर ठेवली. त्यात जिताड्याचं अख्खं डोकं, आणि पाहुणचारात कमी नको म्हणून खाली मूठभर भात. टायगरनं डोकं मन लावून खाल्लं, ताटलीची कड चाटली आणि भाताला तोंडसुद्धा न लावता उठला.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "बगा जावईबापू. मुक्या जनावराला बी कलतं!"

मी हात धुवायला आत गेलो. भिंतीवर रमाकांतचं मेडल होतं, कॅलेंडरच्या मागे मी होतो. पुढच्या वेळी गेलो तेव्हा कॅलेंडर हललं होतं. पण मी बाहेर आलो नव्हतो. तिथे टायगरचा फोटो लावला होता.