मारुंजीला निघाले आणि चाकणला पोचले

शनिवारी सकाळी साडेसातला मी चिंचवडच्या घरातून मारुंजीला निघाले. पिशवीत नातीची दोन झबली आणि डब्यात धपाटे (आमच्या लातूरकडची ज्वारीच्या पिठाची तिखट भाकरीच म्हणा). मारुंजी म्हणजे हिंजवडीला चिकटलेलं गाव. माझी मुलगी सायली तिथं भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. तिची बाळंतपणाची रजा संपत आली होती आणि साडेदहापर्यंत तिला पाळणाघरात कळवायचं होतं, बाळासाठी जागा हवी की नको.

"आई, तू सांभाळणार असशील तर नको म्हणून सांगते," ती म्हणाली होती. "पण दहाच्या आत ये आणि समोर बसून सांग. फोनवर नको."

मला रिटायर होऊन दोनच महिने झाले होते. मी 'हो'च म्हणणार, हे घरात सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. मी सोडून सगळ्यांनी! मी आपली रोज तीच भांडी पुन्हा घासत होते, कपाट लावून परत विस्कटत होते. जीव कशात लागत नव्हता.

कोपऱ्यावर बस येऊन थांबली, दार उघडलं. मी चढले, डावीकडच्या तिसऱ्या खिडकीशी बसले आणि डोळे मिटले. जाग आली तर खाली जलपर्णीनं भरलेली इंद्रायणी. मी दचकलेच. मारुंजीच्या वाटेवर पवना लागते, ही बया इथं कशी? आजूबाजूला पाहिलं तर सगळ्यांच्या गळ्यात कार्डं. अगं बाई! सवयीनं मी माझ्या जुन्या, चाकणच्या कंपनीच्या बसमध्ये बसले होते.

"ड्रायव्हरभाऊ, थांबवा!"

"मावशी, तुम्ही? मला वाटलं, काही कागद न्यायला निघालात," तो म्हणाला. "आता इथं हायवेवर कुठं थांबवू? गेटवर उतरा, तिथून परतीची गाडी मिळेल."

मागच्या पोरी खो खो हसल्या. मीही हसले, पण रडूही येत होतं.

पुढं नाशिक रस्त्यावर नेहमीचा जाम. ट्रक, कंटेनर, मध्येच घुसणारे दुचाकीवाले. खिडकीतून गोदामांचे निळे पत्रे बघत बसले. लग्न होऊन आले तेव्हा भोसरीत गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर लागले होते. ती कंपनी बंद पडल्यावर कामगारांचे गणवेश शिवले. मग एका शाळेत शिपाईण, आणि शेवटची सोळा वर्षं चाकणला रबरी पार्ट तपासायला. चांगला माल निळ्या क्रेटमध्ये, खराब लाल क्रेटमध्ये. माझी सायली वाढली ती शेजारच्या काकूंकडे.

गेटवर वॉचमन आबा होते, इथलेच, खराबवाडीचे.

"आत येऊ का हो जरा? सगळ्यांना भेटून जाते."

"पास न्हाई तर आत न्हाई, मावशी. आवं, हे वावर (शेत) आमचंच हुतं, तरी मला बी कार्ड लावावं लागतंय."

म्हणून समोरच्या टपरीवर चहा घेतला. तेवढ्यात आमचे सुपरवायझर माने आले.

"मावशी, देवासारख्या आलात! नव्या पोरी चांगला माल लाल क्रेटमध्ये टाकतायत. सोमवारपासून शिकवायला येता का?"

"येते," मी म्हणाले. विचार करायच्या आधीच तोंडातून निघून गेलं होतं.

घड्याळात साडेनऊ वाजले होते. सायलीला फोन लावला.

"आई, कुठं आहेस?"

"चाकणला."

"चाकणला?" एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला.

परतीचा प्रवास काही संपेना. भोसरीला एक बस, डांगे चौकाला दुसरी, पुढं रिक्षा. मारुंजीत वीस मजली इमारतींच्या पायथ्याशी म्हशी बसल्या होत्या आणि पाण्याच्या टँकरनी रस्ता अडवला होता. दारात पोचले तेव्हा पावणेबारा झाले होते.

"पाळणाघरात जागा घेतली मी," सायली पाठमोरीच म्हणाली. बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं. "तू चाकणला गेलीस म्हटल्यावर उत्तर कळलंच."

"अगं, बसमध्ये चुकून बसले. पण सोमवारपासूनचं काम घेतलं, ते चुकून नाही." मी पिशवी खाली ठेवली. "मला घरी बसवत नाही, सायली. तू लहान होतीस तेव्हाही बसवत नव्हतं. मला लाइनवर आवडायचं. हात चालायचे, बायका हसायच्या, माझ्या शब्दाला तिथं मान होता."

ती वळली. "मग रोज निघताना 'तुझ्यासाठी जाते' का म्हणायचीस?"

"आईनं दुसरं काय म्हणायचं असतं गं?"

"आई, मी काकूंच्या उंबऱ्यावर बसून रोज विचार करायचे, मी नसते तर तुला जावं लागलं नसतं."

एवढीशी पोर, हे ओझं घेऊन बसायची! आणि मला वाटायचं, ती माझी वाट बघतेय.

"नाही गं राणी," मी म्हणाले. "तू नसतीस तरी मी गेले असते."

दुसऱ्या कुठल्या आईनं लेकीला असं ऐकवलं असतं तर मीच तिला नावं ठेवली असती. सायली मात्र बाळासकट येऊन मला बिलगली आणि हमसून हमसून रडली. मग आम्ही दोघींनी धपाटे खाल्ले.

संध्याकाळी परतताना जिवाला स्वस्थता नव्हती. इतकी कामं बदलली, इतक्या वाटा तुडवल्या, आणि लेकीला सांगायची एवढीशी गोष्ट तीस वर्षं राहून गेली.

घरी हे टीव्हीसमोर बसले होते. "काय ठरलं मारुंजीचं?"

"सोमवारपासून चाकणला जातेय."

"आता कशाला? आता कुणासाठी?"

"माझ्यासाठी," मी म्हणाले.