अडवून ठेवलेली प्रुफं

कांदिवलीत चंद्रप्रकाशच्या छापखान्यात गुणाजी मेस्त्री वीस वर्षं खिळे जुळवत होता. लग्नपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा, उत्सवाचे अहवाल, सगळं त्याच्या बोटांतून गेलेलं. शिशाचा खिळा न बघता उचलायचा आणि बरोबर अक्षर निघायचं. माणूस देवासारखा, पण खोड एकच. अर्धवट प्रुफ कुणाच्या नजरेला पडू द्यायचा नाही. गिऱ्हाइकानं तगादा लावला की म्हणायचा, "अर्धी मिशी लावून राजा कधी स्टेजवर येतो काय?"

१९८४ च्या दिवाळीनंतर त्याचा गाववाला शिवदास बोरीवलीहून आला, हातात जाडजूड वही घेऊन. शिवदासनं उभी हयात जहाजाच्या इंजिनात काढली. तिथल्या एका तुर्की खानसाम्याकडून तो भाषा शिकला आणि तीनशे तुर्की म्हणी त्यानं मराठी अर्थासकट लिहून ठेवल्या.

"ह्याचा पुस्तक छाप," शिवदास म्हणाला. "पण बेगीन. काचबिंदू झालो. डावो डोळो गेलो, उजवो चार-पाच म्हयने टिकात म्हणतत. प्रुफां माकाच तपासूक व्हयी. वहीतला माझा अक्षर दुसऱ्याक धड लागना नाय, आणि अख्ख्या बोरीवलीत तुर्की येणारो मी एकटोच."

तुर्की लिहितात इंग्रजीच्याच अक्षरांत. पण त्यांच्या एका 'एस'ला खाली शेपटी, एका 'जी'च्या डोक्यावर चंद्रकोर आणि एक 'आय' बिनटिंबाचा. असे खिळे छापखान्यात कुठून असणार?

चंद्रप्रकाश म्हणाला, "साधे खिळे लाव ना यार. शेपट्या शिवदासकाका पेनानं काढतील. कोण बघायला येतंय?"

"छापील पानावर पेन?" गुणाजी उखडला. "मग पाटीवरच लिहून द्या की!"

त्यानं कानस घेतली. दुपारचा डबा खाऊन झाला की तासभर बसायचा. 'आय'चं टिंब घासून काढायचं, स्वल्पविरामाची शेपटी कापून 'एस'च्या पायाशी चिकटवायची. डिंक टिकेना, अरल्डाइट टिकलं. दहातले सहा खिळे मोडायचे. उरलेले चार तळहातावर घेऊन तो असा बघायचा, जसं काही सोनाराच्या दुकानातून आलेत.

डिसेंबरात शिवदास आला. "झाला काय रे?"

"अक्षरं घडतायत."

"अरे, साध्याच अक्षरांत दी. शेपटी खंय ती माझ्या डोक्यात आसा. शब्द तेवढे बघून घेतंय."

"अर्धवट देणार नाही, शिवदास. माझी इज्जत आहे."

शिवदास हसला. "तुझी इज्जत आणि माझो डोळो. बघूया कोण आधी जाता."

फेब्रुवारीत शिवदासची बायको अनुपमा एकटीच आली. "भावोजी, जे झालंय ते द्या. काल त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिसलं नाही."

"आठ दिवस, वहिनी. नुसते आठ दिवस."

त्या आठ दिवसांचे दोन महिने झाले.

एप्रिलमधल्या एका रविवारी गुणाजी अठ्ठावीस पानांची प्रुफं घेऊन बोरीवलीला निघाला. एकेक अक्षर तुर्कस्तानातच ओतल्यासारखं. शिवदास गॅलरीत बसला होता. त्यानं कागद नाकाशी नेला, लांब धरला, पुन्हा नाकाशी नेला.

"अनुपमा, दिवो लाव गे."

सकाळचे अकरा वाजले होते. गॅलरीत लख्ख ऊन होतं.

अनुपमानं आत जाऊन बटण दाबलं. गुणाजीनं प्रुफ हळूच शिवदासच्या हातून घेतलं आणि एकेक अक्षर वाचायला लागला. "डी, ए, एम, एल, ए..."

"दामलाया दामलाया ग्योल ओलुर!" शिवदास खुलला. "थेंबे थेंबे तळे साचे. बघ, ते लोक पण हेच म्हणतत! पुढे?"

असे चार रविवार गेले. गुणाजी अक्षरं सांगे, शिवदास चूक पकडे. अकरा पानांत एकवीस चुका निघाल्या. कुठे अक्षर गळालेलं, एके ठिकाणी अख्खा शब्दच नाही. शिवदास दमत चालला होता. पाचव्या रविवारी तो उठून बसलाच नाही.

"बस झाला. छाप."

"अजून सतरा पानं आहेत."

"छाप म्हणतंय ना. तू लावलंस म्हणजे बरोबरच असतला."

दोनशे प्रती छापल्या. चंद्रप्रकाशनं एक प्रत काचेच्या कपाटात ठेवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवू लागला, "गुणाजीचे हात बघा!" गुणाजी मान खाली घालून खिळे जुळवत राही. घरी आपली प्रत तो उघडायचा, अकराव्या पानापर्यंत जायचा आणि मिटायचा. पुढच्या पानांत काय राहिलंय, ते विचारणार कुणाला?

प्रती पोचवायला गेला, त्या दिवशी न राहवून तो अनुपमाला म्हणाला, "वहिनी, डिसेंबरात साधी प्रुफं दिली असती तर..."

आतल्या खोलीत शिवदास नव्या पुस्तकाची पानं बोटांनी चाचपत होता. अनुपमानं तिकडे एकदा पाहिलं आणि कप गुणाजीपुढे सरकवला.

"चहा घ्या, भावोजी. निवतोय."