मशीनला इंग्रजी, पायाला मराठी

फ्रिज दुरुस्त करणाऱ्या या मिस्त्रीला तीन भाषा येतात आणि मोबाईलवर शोधताना तो त्यांची कधी सरमिसळ करत नाही. मशीन अडलं की इंग्रजी. व्याकरणाच्या नावानं बोंब, पण ‘फ्रिज नो कूलिंग कंप्रेसर हॉट’ एवढं ठोकलं की कंपनीचं अख्खं पुस्तक समोर हजर. सुटे भाग स्वस्तात हवे असले की बाजारातली हिंदी. आणि घरचं, दुखण्याखुपण्याचं, ते मराठीत. ठणका, मुंग्या, कळ इंग्रजीत कशी लिहायची, हे त्याला माहीत नव्हतं.

बायकोला साखरेचा आजार. चप्पल लागून तिच्या करंगळीला फोड आला, फुटला, भरेना. मिस्त्रीनं मोबाईलवर मराठीत विचारलं आणि जे समोर आलं त्याला घाण याखेरीज शब्द नाही. ‘हा पाला बांधा, डॉक्टरही थक्क होतील.’ वर टक्कल घालवायची जाहिरात, खाली पोट घटवायची. एकाचा मजकूर सतरा जणांनी चुकांसकट उतरवलेला, वाक्यांना शेंडा ना बुडखा. आपल्याच माणसांसाठी आपल्याच भाषेत असला उकिरडा करून ठेवणाऱ्यांची शिसारी येते. मिस्त्रीला मात्र आली नाही. मराठीत लिहिलंय म्हणजे कुणी घरचंच सांगतंय, असं त्याला वाटलं. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून जो साध्या वायरला हात लावत नाही, तो नऊ दिवस बायकोच्या पायाला पाला थापत राहिला.

“दुखतंय का गं?”

“छे, काही कळतच नाही.”

हे ऐकून त्याला बरं वाटायचं.

दहाव्या दिवशी पट्टी सोडली आणि असा भपकारा आला की त्यानं तोंड फिरवलं. करंगळी काळीठिक्कर पडली होती.

दवाखान्यात तिला आत नेल्यावर बाकावर बसून त्यानं पहिल्यांदा तिच्या पायाबद्दल इंग्रजीत लिहिलं. मशीनबद्दल लिहितो तसंच: ‘शुगर फूट कट नो पेन’. पहिल्याच ओळीत होतं, दुखत नसेल तर जास्त धोका, आजच डॉक्टरला दाखवा. पाच शब्द, आणि पाचही त्याला येत होते. त्याला स्वतःचीच किळस आली.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी त्याला आत बोलावलं. बायको अर्धवट गुंगीत होती.

“करंगळी काढावी लागली. आठ दिवस आधी आला असतात तर वाचली असती. पाला कुणी बांधला हा?”

मिस्त्रीनं तोंड उघडलं, पण बायकोच आधी बोलली. “मीच बांधला हो. हे नको नको म्हणत होते.”

“मग ऐकायचं ना यांचं,” डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या.

आणि मिस्त्रीनं मान डोलावली.