सुदर्शननं लिहिलेला काट्याचा भाग

विशाखा खरातनं चार वर्षांत सुदर्शनला फोन केला नव्हता. केला तो डिसेंबरातल्या एका दुपारी, सिल्लोडच्या कापूस-जिनिंगमधून, आणि कामापुरताच.

विशाखा मूळची पाचोडच्या बौद्धवाड्यातली. औरंगपुऱ्यात कापडदुकानाच्या वर एक लहानशी सॉफ्टवेअर कंपनी आहे, तिथं ती अकरा वर्षं कामाला. जिनिंगसाठी त्यांनी केलेला प्रोग्राम सुट्या भागांचा होता. एक भाग कापसाची आवक नोंदवायचा, एक पावती छापायचा, एक वजनकाट्यावरचा आकडा वाचायचा. काट्याचा भाग सुदर्शननं लिहिलेला. सहा वर्षं तो तिच्या शेजारच्या खुर्चीत बसला. "घरी विचारतो," असं एकदा तिला म्हणालाही होता. घर मोठ्या बागायतदारांचं. विचारलं की विचारायचं राहिलं, ते त्यानं सांगितलं नाही आणि तिनं विषय छेडला नाही. पुढं तो जर्मनीला गेला. लग्नाची पत्रिका ऑफिसच्या पत्त्यावर आली.

त्या आठवड्यात विशाखानं सगळ्या भागांना लागणारी जुनी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, काढून नवी बसवली. ऑफिसात सगळं सुरळीत चाललं. सिल्लोडहून मात्र फोन आला, तशी ती बस पकडून गेली.

"सकाळी नीट चालू होतंय, मॅडम," मॅनेजर काकासाहेब म्हणाले. "काट्यावर गाडी चढली की बंद पडतंय. लई रांग लागली बघा."

काट्याचा भाग गाडी आल्याशिवाय जागाच होत नसे. जागा झाला की जुन्या लायब्ररीतलं एक फंक्शन नावानं मागायचा, आणि नव्या लायब्ररीत ते नाव उरलं नव्हतं. ऑफिसात काटा नाही, म्हणून तिथं कळलं नाही. जुन्या लायब्ररीच्या तीन आवृत्त्या तिच्याजवळ होत्या, पण काट्याला कोणती जोडलेली होती याची नोंद नव्हती. ते एकालाच ठाऊक होतं.

"विशू?" पलीकडून आवाज आला. तिनं अडचण सांगितली.

"मधली घे. शेवटची दशांश चुकवते." मग म्हणाला, "अजून चालतंय व्हय ते?"

"तुझंच चालतंय."

मागं एक लहान मूल परक्या भाषेत काहीतरी मागत होतं.

"कशी आहेस?"

"गाड्या थांबल्यात रे. ठेवते."

तिनं मधली आवृत्ती काट्याच्या भागाच्या स्वतःच्या फोल्डरात ठेवली, म्हणजे ती त्यालाच मिळेल आणि बाकीचे भाग नवीच वापरतील. गाडी चढली, पडद्यावर वजन उमटलं. परतीच्या बसमध्ये फुलंब्री येईपर्यंत ती मनातल्या मनात त्याच्या प्रश्नाचं उत्तर देत राहिली.

उन्हाळ्यात कंपनीचे मालक म्हणाले, काट्याचा भाग नव्यानं लिहून टाका. ते काम तिनं मागून घेतलं. सुदर्शनचा कोड ओळीनं वाचताना एका जागी त्यानंच लिहून ठेवलेली टीप सापडली: 'हे विशाखाला विचारायचं.'

बराच वेळ ती त्या ओळीकडं पाहत बसली. शेवटी फोटो काढून त्याला पाठवला. "काय विचारायचं होतं?"

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "आता आठवत नाही गं."

तिनं तो भाग पुरा लिहिला. ऑक्टोबरात स्वतः सिल्लोडला जाऊन बसवला आणि जुनं फोल्डर काढून टाकलं. तिथलं काम तासाभरात संपलं होतं, तरी संध्याकाळपर्यंत ती काट्यापाशीच खुर्ची टाकून बसली होती.