आईने दिलेला तेलकट फॅन

स्वयंपाकघरातलं चिकट तेल काढणारं लिक्विड बनवायचं, हे माझं काम. भांडुपच्या आमच्या छोट्या लॅबमध्ये अकरा नमुने फुकट गेले होते. ताजं तेल निघायचं. पण फोडणीच्या धुराने वर्षानुवर्षं चढलेला काळा थर हलायचा नाही. मालकांनी सांगितलं, अजून एकदाच, नाहीतर लॅब बंद.

खऱ्या घाणीवरच तपासू म्हणून मी आईकडे घरच्या स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन मागितला. पुसू नकोस, तसाच दे, असं दोनदा बजावलं. काळपट, माशांचा वास मारणारा फॅन हातात पडल्यावर मी खूश झाले. बारावा नमुना लावला आणि एकदाच पुसल्यावर पाती चकचकीत झाली. मी बेसिनपाशी उभी राहून रडले.

मुलुंडच्या एका हॉटेलात वापरून बघायला दिलेली बाटली दोन दिवसांनी परत आली. त्यांच्या चिमणीवर काडीचाही फरक पडला नव्हता. माझी वाट लागली होती. घरी येऊन आईवर ओरडले, फॅनला काय केलंस?

"ऑफिसात असो घाणेरडो फॅन धाडू? लोक काय म्हणतले?"

सोड्याच्या उकळत्या पाण्यात बुडवून, सुरीने खरवडून तिने तो लख्ख केला होता.

"तुका तेलकट होयो होतो ना, म्हणान वरसून मासे तळल्याला काळा तेल लावलंय."

तिच्या बोटांच्या भेगांत तो काळा थर अजून होता. मी पिशवीतली बाटली काढली, तिचा हात धरला आणि घासत सुटले.

"दुखता गो," आई म्हणाली.

तो निघाला नाही.