मावशीच्या डब्यातला बिल्ला

ही गोष्ट सांगायची मी आजवर टाळत आलो. घरात युद्धाच्या दिवसांच्या गप्पा निघाल्या की मी रेशनच्या रांगांचं सांगतो, रॉकेलचं सांगतो, भिंगारच्या बाजारात केळी विकत घेणाऱ्या गोऱ्या सोल्जरांचं सांगतो, आणि डेपोतल्या नोकरीपाशी आलो की पान जुळवायला घेतो. नातवंडांना वाटतं आजोबांना आठवत नाही. मला सगळं आठवतं.

भिंगारला लष्करी सामानाचा एक डेपो होता. तिथे मी आणि तो, ज्याची ही गोष्ट आहे, एकाच दिवशी कारकून म्हणून लागलो. पितळी बिल्ल्यावर पगाराचा नंबर ठोकलेला असे. त्याच्या पुढचाच नंबर माझा. बिल्ला दाखवल्याशिवाय पगार मिळत नसे, मग साहेब तुम्हाला चेहऱ्याने कितीही ओळखत असो.

तो शेवगावकडच्या एका खेड्यातला, ख्रिस्ती. मिशनच्या शाळेत शिकलेला. अक्षर असं की साहेबाची पत्रं हेडक्लार्क त्याच्याकडूनच लिहून घेई. शर्टाला रोज इस्त्री, पायात तांबूस चामड्याचे बूट. ते बूटही कुणा पाद्र्याने दिलेले जुनेच होते, पण मला ते दिसले की माझ्या वहाणांचे अंगठे मला नकोसे होत. आम्ही मित्र होतो. दुपारी एकाच झाडाखाली जेवायचो, आणि त्याच्या बायकोने दिलेल्या डब्यातलं तो आधी मला वाढायचा. त्याचाही मला राग यायचा. ज्याच्याकडे पुरेसं आहे तोच असं आधी वाढू शकतो, असं मला वाटायचं.

बाजारात एका विधवा बाईची खानावळ होती. तिला सगळे मावशी म्हणत. महिनाअखेरीला हात आखडले की डेपोतली माणसं तिच्याकडून दहा रुपये उचलत आणि पगाराच्या दिवशी अकरा परत करत. पैसे देताना ती बिल्ला ठेवून घ्यायची. डाळीच्या रिकाम्या डब्यात ते बिल्ले पडलेले असत. पगाराच्या सकाळी ती डबा काखेत मारून डेपोच्या फाटकावर उभी राही, ज्याचा त्याला बिल्ला देई आणि तो पगार घेऊन बाहेर येईपर्यंत तिथून हलत नसे. मुदत टळली तर दिवसाला एक आणा जास्त.

त्या महिन्यात आम्ही दोघांनीही पैसे उचलले. त्याची बायको पहिलटकरीण होती, मिशनच्या दवाखान्यात तिचे दिवस भरत आले होते. मी उचलले ते नगरच्या कापडबाजारातून बूट घ्यायला, तसलेच तांबूस. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. गावाकडे पाठवायचेत, असं मावशीला म्हणालो.

तिने माझ्यापुढे डबा धरला. मी बिल्ला टाकला. मग तिने त्याला दहा रुपये दिले आणि डबा फळीवर ठेवून दिला.

"आणि त्याचा बिल्ला?" मी म्हणालो.

"त्यो मास्तर हाय माझा," मावशी म्हणाली. "त्येचा बिल्ला घिऊन मी काय करू? डाळीत शिजवू?"

तिचा मुलगा पलटणीत परदेशी होता. त्याची पत्रं हा तिला वाचून दाखवायचा, उत्तरंही लिहून द्यायचा, म्हणून मास्तर. वाचता मलाही येत होतं. तिने मला कधी विचारलं नाही.

"मग मी कोण?" मी हसतच म्हणालो.

"तू बिल्लेवाला!" खानावळीत बसलेले चारजण हसले. तोही हसला. नंतर त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला, तो मी झटकला नाही एवढंच.

एक तारखेला पगार झाला नाही. पगारपत्रकात काही चूक निघाली म्हणून ते पुण्याच्या कचेरीतून परत आलं होतं. दोन तारीख झाली, तीन झाली. माणसं बाजारातून जायची वाट बदलू लागली. मीही मागच्या गल्लीने जाऊ लागलो, नवे बूट चिखलात घालत. संध्याकाळी त्याने मला गाठलं.

"चल, मावशीकडे जाऊ."

"पैसे कुठायत?"

"नाहीत, म्हणूनच जायचं. तिने शोधत येण्याआधी आपण जाऊन सांगितलेलं बरं."

मावशी भाकरी थापत होती. त्याने सरळ सांगितलं की पगार अडकलाय, कधी होईल ठाऊक नाही, झाला की त्याच दिवशी पोचते करू.

"आनि आन्याचं काय?"

"तो नको लावू मावशी. आमच्या हातचं काही नाही यात."

तिने तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "तुला न्हाई लावत. पन ह्या बिल्लेवाल्याचं काय?"

"त्याचंही माझ्या शब्दावर धर."

"बरं, धरलं. तू म्हनतोस म्हनून हं मास्तर."

बाहेर आल्यावर तो हलका होऊन बायकोबद्दल बोलत होता. माझ्या कानात काहीच शिरत नव्हतं. माझा आणा वाचला होता, मागच्या गल्लीने जायची गरज उरली नव्हती, आणि मला मात्र कुणी भर बाजारात थोबाडीत मारल्यासारखं वाटत होतं. माझा बिल्ला तिच्या डब्यात होता तरी तिला माझा भरवसा नव्हता. त्याच्या नुसत्या चार शब्दांवर आम्ही दोघंही सुटलो होतो. त्याने मला मदत केली नसती तर कदाचित पुढचं घडलं नसतं. हे लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे.

पगार अजून झाला नव्हता तोच हेडक्लार्कने मला बोलावलं. स्टोअरकीपरची जागा रिकामी झाली होती. सगळ्या गोदामांच्या चाव्या हाती, राहायला खोली, पगारही वाढीव. साहेबाची एकच अट होती. बाजारात ज्याचं देणं तुंबलंय अशा माणसाच्या हाती चाव्या द्यायच्या नाहीत. जागा माझ्या मित्राला जाणार हे सगळ्या डेपोला ठाऊक होतं. खोली मिळाली की बायकोला दवाखान्यातून थेट तिथेच आणणार, असं तो मला त्याच सकाळी म्हणाला होता.

"तुम्ही दोघं बरोबरच असता," हेडक्लार्क म्हणाला. "त्याचं बाहेर काही देणंबिणं?"

मी खाली पाहिलं. बुटांवरचा चिखल वाळला होता.

"असेल थोडंसं. खानावळीत."

"मुदत टळलीय?"

"टळलीय."

"आणि तुमचं?"

"माझं काही नाही."

एवढंच बोलणं झालं. त्याच्याविषयी मी बोललो तो प्रत्येक शब्द खरा होता, अशी पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःची समजूत घातली. पण मुदत डेपोनेच पगार न दिल्यामुळे टळली होती आणि मावशीने ती राजीखुशीने वाढवली होती, हे मी गिळलं. माझा स्वतःचा बिल्ला तिच्या डब्यात पडला होता, तेही गिळलं.

हेडक्लार्कने त्यालाही विचारलं. तो "हो, देणं आहे" म्हणाला. माझं नाव त्याने घेतलं नाही. घेतलं असतं तर चाव्या दोघांनाही मिळाल्या नसत्या.

चाव्या मला मिळाल्या. दुसऱ्या दिवशी झाडाखाली त्याने डबा उघडला आणि नेहमीसारखं आधी मला वाढलं.

"दोघांतल्या एकाला मिळालं, बरं झालं," तो म्हणाला.

त्याला कळलं होतं का? त्याच्या तोंडावरून मला काही वाचता आलं नाही. जागा माझी झाली होती, खोली माझी झाली होती, आणि तरी तो घास गिळताना मी जळत होतो, कारण तसं वाक्य माझ्या तोंडून कधीच निघालं नसतं.

बाराव्या दिवशी पगार झाला. मावशी डबा घेऊन फाटकावर होती. तो तिच्यासमोरून नुसता मान हलवून आत गेला आणि बाहेर येऊन त्याने अकरा रुपये तिच्या हातावर ठेवले. मी बिल्ला घ्यायला हात पुढे केला तेव्हा कमरेचा चाव्यांचा जुडगा वाजला.

"चाव्या तुला दिल्या म्हनं," मावशी म्हणाली. बिल्ला तिने लगेच सोडला नाही. "मास्तरचं देनं आडवं आलं म्हनत्यात. व्हय का रं? आनि तुजं न्हाई आलं?"

मी बिल्ला ओढून घेतला. पुन्हा तिच्या खानावळीची पायरी चढलो नाही.

त्याला मुलगी झाली. दोन-तीन महिन्यांत तो डेपो सोडून गावाकडे गेला आणि शाळेवर लागला. मावशीने दिलेलं नाव खरं झालं.

मी निवृत्त झाल्यावर एकदाच त्याच्या गावी गेलो. सगळं सांगायचं असं ठरवूनच गेलो होतो. केस पिकले होते, शर्टाला इस्त्री होती. त्याच्या बायकोने भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली, आणि ताट त्याने आधी माझ्याकडे सरकवलं. झालं. मी भाकरी मोडली आणि पावसापाण्याचं बोलत राहिलो. गावातली निम्मी माणसं त्याला वाटेत नमस्कार करत होती, आणि त्या वयातही मी ते नमस्कार मोजत होतो.

तो मला एसटीपर्यंत सोडायला आला. गाडी सुरू झाली तेव्हा मी खिडकीतून म्हणालो, "मास्तर, त्या चाव्यांचं..."

"काय रे?" तो गाडीबरोबर चार पावलं चालला.

"काही नाही. पत्र टाकतो."

मी पत्र टाकलं नाही. पुढच्याच वर्षी तो गेल्याचं त्याच्या मुलीचं कार्ड आलं. अक्षर थेट त्याचंच.

पत्रात फार काही लिहायचं नव्हतं. चाव्या तुझ्या होत्या. हेडक्लार्कला मी सांगितलं. देणं माझंही होतं, ते मी लपवलं. मला माफ कर.