जवळ्याची मूठ

माझ्या मालाला एका माणसाने चारचौघांत ‘फोडणी’ म्हटलं. त्या माणसाशी माझा व्यवहार अजून चालू आहे, आमचं हसणंबोलणंही होतं, पण तो शब्द मी विसरलेले नाही.

माझा माल म्हणजे जवळा. नखाएवढी बारीक कोळंबी, उन्हात खडखडीत वाळवलेली. लग्न होऊन मालवणहून मुंबईला आले तेव्हा मी चेंबूरच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसायचे. बोंबील, सोडे, बांगडा आणि एका टोपलीत जवळा. टोपलीच्या तळाशी चुरा उरायचा, तो कोणी घेत नसे. एकदा कोंबड्यांचं खाद्य बनवणारा एक जण तो चुरा मागायला आला, तोही फुकट. मी म्हटलं, “तुमच्या कोंबड्या अंडी फुकट देतात काय?” तो हसला आणि पैसे काढले. त्या दिवशी मला कळलं, की माणसांपेक्षा जनावरांना खाऊ घालण्यात जास्त धंदा आहे. जनावर भाव करत नाही.

पुढे खाडीकाठच्या तळ्यांत कोळंबी आणि जिताडा मासा पाळणारे लोक वाढले. त्या कोळंबीला गोळी खाद्य लागतं. मासळीची भुकटी, सोयाबीनची पेंड, गोळी पाण्यात विरघळू नये म्हणून गव्हाचं पीठ, थोडं माशाचं तेल, असं सगळं एकत्र दाबून ती गोळी बनते. त्यात माझा जवळा दळून जायचा. त्यावरच मी गोवंडीला शेड उभी केली. तिथे जवळा चाळायचा, वाळू काढायची, दळायचा, गोण्या भरायच्या आणि मुलुंडच्या खाद्य कारखान्यात पाठवायच्या. हे सगळं भांडून मिळवलेलं आहे. आमचे हे म्हणतात, मी देवळाबाहेर नारळाचाही भाव करते. करते. नारळवाला देवाच्या नावावर चढा लावतो.

तर एका सकाळी त्या कारखान्यातल्या खरेदीच्या साहेबांचा फोन आला.

“ताई, पुढच्या खाद्यात जवळा नाही. सोयाबीन वाढवतोय. जवळा महाग पडतो.”

“महाग? मग साहेब, कोळंबीला तुमच्या घरची पोळीभाजी घाला, स्वस्त पडेल.”

मी फोन आपटला. माझा जवळा घेणारा मोठा कारखाना तो एकच. तो थांबला की शेडला कुलूप, आणि मी परत चेंबूरच्या फळीवर. माझं फळीवर बसून काही बिघडत नाही, पण मांडी आता पहिल्यासारखी घडी होत नाही.

तशीच रिक्षा करून मुलुंडला गेले. साहेब केबिनमध्ये चहा घेत होते. त्यांनी माझ्यासाठीही मागवला. मी म्हटलं, “चहा नको, आधी भांडण.”

“भांडा ना. पण ताई, सोयाबीनवर कोळंबी वाढते. आम्ही करून पाहिलंय.”

“वाढते, पण खाते का आवडीने? माझा जवळा घालून बघा, मग बोला.”

त्यांच्याकडे प्रयोगाच्या खोलीत खाऱ्या पाण्याच्या टाक्या आहेत. तिथे काम करणारी एक तरुण मुलगी आहे, गावठाणातली ख्रिस्ती, घरी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी, आणि ही मासे पाळायचं शिकलेली. साहेबांनी तिला बोलावलं. ठरलं असं: टाकीत दोन ताटल्या सोडायच्या, एकीत नुसत्या सोयाबीनचं खाद्य, दुसरीत त्याच खाद्यात माझा जवळा. कोळंबी जिकडे जाईल तो माल खरा. फरक दिसला नाही, तर मी गप्प बसायचं.

“जवळ्याची वानगी मी स्वतः देणार,” मी बजावलं.

“द्या, द्या. तुमच्या हातची द्या,” साहेब म्हणाले.

हातची म्हटल्यावर मी हात राखला नाही. शेडमधला सगळ्यात चांगला, लालसर जवळा निवडून घरी आणला. कढई तापवली आणि मंद आचेवर छान परतला. चटणीसाठी परततो तसा, कुरकुरीत होऊन त्याचा खमंग वास जिन्यापर्यंत जाईल असा. समोरची शेजारीण दार उघडून विचारून गेली, आज कोण पाहुणे येणार आहेत?

आमच्या ह्यांनी कढईत डोकावून बघितलं. “अगो, ह्या कोळंबीक घालूचा आसा, जावयाक न्हय.”

“तुम्ही गप्प बसा. चांगलं ते सगळ्यांना चांगलं लागतं.”

“मगे खोबरा पण घाल.”

मी उलथनं दाखवलं तेव्हा ते बाहेर गेले. जवळा गार करून बारीक वाटला आणि डब्यात भरला. उरलेला भाजका जवळा दुसऱ्या डब्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी टाकीभोवती कारखान्यातली अर्धी माणसं जमली. त्या मुलीने माझी भुकटी खाद्यात मिसळून गोळ्या तयार केल्या आणि दोन्ही ताटल्या दोरीने खाली सोडल्या. कोळंबी घाईने खाणारं जनावर नाही. आधी लांब मिशा हलवते, पाण्याचा वास घेते, मग सावकाश पायाने गोळी उचलून कुरतडते. पहिली कोळंबी माझ्या ताटलीत आली. मी साहेबांकडे बघितलं. तिने गोळी उचलली, फिरवली आणि टाकून दिली. दुसरी आली, तिनेही तेच केलं. सोयाबीनच्या ताटलीत निदान दोन-चार जणी बसून कुरतडत होत्या.

“कोळंबी आजारी आहे तुमची!” मी ओरडले.

“ताई, सोयाबीन खातेय की ती,” साहेब म्हणाले. कोणीतरी मागे खुदकन हसलं.

ती मुलगी माझ्या डब्याला नाक लावून उभी होती. “आंटी, तुम्ही हा भाजला का?”

“मग काय कच्चा घालू? घरी कच्चा जवळा खातेस तू?”

“मी नाही खात गं आंटी, पण ती खाते. तिला जो वास ओढून आणतो ना, तो पाण्यात उतरावा लागतो. भाजून भाजून तुम्ही त्याची वाट लावली. आपल्याला खमंग लागतंय, तिला जळकं.”

मी आयुष्यभर जवळा विकला, आणि खाणाऱ्याला काय आवडतं ते स्वतःच्या जिभेवरून ठरवून बसले होते. पण मी व्यापारी बाई. माझ्या पर्समध्ये कच्च्या मालाची मूठ नेहमी असते. कोण कुठे भेटेल सांगता येत नाही, आणि वानगी दाखवल्याशिवाय भाव कसा बोलायचा? रुमालाखालून पुडी काढली आणि तिच्या हातावर ठेवली.

“ही घे. उन्हात वाळवलेला. आग बघितलेली नाही याने.”

“साहेब, आणखी एकदा करू या ना,” ती म्हणाली. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे, आणि मान हलवली.

तिने जवळा कुटला. पण गोळीत मिसळला नाही. सोयाबीनच्या तयार गोळ्यांवर माशाच्या तेलाचा हात फिरवला आणि त्यावर माझी भुकटी भुरभुरवली. अगदी चिमूटभर. मी म्हटलं, “अगं घाल की आणखी, कंजूष!” तिने ऐकलं नाही.

ताटली खाली गेली आणि टाकीतली सगळी गर्दी एका बाजूला वळली. पलीकडच्या ताटलीत बसलेल्यासुद्धा हातातली गोळी टाकून आल्या. एकीवर एक चढून खायला लागल्या. मी टाळ्या वाजवल्या. लाज वाटली नाही.

“बघा! बघा साहेब!”

साहेबही वाकून बघत होते, हसत होते. मग ते सरळ झाले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “म्हणजे एवढासाच पुरे. शेवटी काय, फोडणीच ना!”

तोच तो शब्द. माझं डोकं तापलं, कारण त्याचा अर्थ मला लगेच कळला. जिथे गोण्या जायच्या तिथे आता मूठ जाणार. मी जिंकले होते आणि शेड तरीही बुडत होती.

“आंटी, कमी वापरला तर समुद्रातही थोडा उरेल,” ती मुलगी हळूच म्हणाली.

“समुद्राची काळजी तू कर. माझी मला करू दे.” मग मी साहेबांकडे वळले. “फोडणी काय? बरं, फोडणी. घरी वहिनींना विचारा, हिंग कोणत्या भावाने आणतात आणि डाळ कोणत्या. हिंग पोत्याने घेता का तुम्ही? मग हिंगाला डाळीचा भाव कसा लावता?”

“ताई, ऐका तरी.”

“नाही ऐकत. आत्तापर्यंत जवळा पीठ म्हणून घेतलात, पिठाचा भाव दिलात. आता तो वासासाठी घेणार, तर वासाचा भाव द्या. मी निवडून, सावलीला थंड ठेवून, ताजा कुटून देईन. नसेल जमत तर पुडी परत करा. काढा कोळंबीच्या तोंडातून.”

सगळे हसले, साहेबही. मग केबिनमध्ये आम्ही दुपारपर्यंत भांडलो. दोनदा मी उठून दारापर्यंत गेले, एकदा ते गेले. त्यांची स्वतःचीच केबिन होती, त्यामुळे बाहेर जाऊन त्यांना परत यावं लागलं. शेवटी भाव ठरला. गोण्या कमी झाल्या, पण शेड चालेल असा ठरला.

भूक लागली होती. मी भाजक्या जवळ्याचा दुसरा डबा काढला, कॅन्टीनमधून कांदा, लिंबू आणि पाव मागवला, आणि तिथेच कालवलं. साहेबांनी पावाने डबा पुसून घेतला.

आता महिन्याला मी स्वतः माल घेऊन मुलुंडला जाते. सोबत भाजक्या जवळ्याचा डबा असतो, पण तो त्या मुलीसाठी. साहेबांना मागावा लागतो. ते येतात, दारात घुटमळतात.

“ताई, जरा आम्हालाही.”

“कशाला साहेब? शेवटी काय, फोडणीच ना.”

मग ते मुकाट्याने हात पुढे करतात, आणि मी त्यांच्या हातावर ठेवते. चिमूटभर.